ध्वनिमुद्रिकांचे संगणकीय अंकीकरण आणि संगीत-इतिहासाची साधने : एक चिकित्सा

प्रस्तावना

नागपूरच्या इतिहासलेखनात बखरी, भोसलेकालीन कागदपत्रे व वास्तू यांना साधन म्हणून मान्यता आहे. सक्करदरा येथील भोसल्यांचा वाडा आणि तलाव यांवरून शहराच्या एका कालखंडाचे चित्र उभे करता येते; मात्र त्या काळच्या रसिकांनी काय ऐकले, हे वास्तू सांगत नाही. विसाव्या शतकापुरती ही उणीव ध्वनिमुद्रिका काही अंशी भरून काढतात. जुन्या तबकड्या ऑडिओ इंटरफेसद्वारे संगणकात उतरविणे आज घरोघरी शक्य झाले आहे. हे अंकीकरण म्हणजे साधनाची केवळ नक्कल नसून त्याचे संपादन होय, आणि म्हणून हस्तलिखिताच्या संपादनाची शिस्त त्यालाही लागू व्हावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे एकस्व घेतले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील तंत्रज्ञांना ओळख पटावी म्हणून कलावंत गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना सुरू झाला. या तबकड्यांतील बंधक द्रव्य म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर मिळणारी लाख. पुढे १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाईलची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आणली.

या साधनाच्या मर्यादा आरंभीच ध्यानात घ्याव्या लागतात. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचेच गायन मावे. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत रंगणारे बालगंधर्वांचे पद आणि त्याची मुद्रिका यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. शिवाय अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा स्वर आपणांस ऐकावयास मिळतो. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा मात्र नाही. बुवांच्या गायकीचा अदमास शिष्यांच्या मुद्रिकांवरून व आठवणींवरूनच बांधावा लागतो.

अंकीकरणाची प्रक्रिया आणि साधनचिकित्सा

सुईपासून निघणारा विद्युतसंकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. फोनो प्रीअॅम्प्लिफायर तो वाढवून त्याचे स्वरसंतुलन साधतो आणि ऑडिओ इंटरफेस त्याचे अंकांत रूपांतर करतो. ध्वनिसंग्रहालयांत ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण रूढ आहे. त्यानुसार दोन वाहिन्यांच्या ध्वनीस मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट, म्हणजे वीस मिनिटांच्या एका बाजूस सुमारे ७०० मेगाबाइट जागा लागते.

यातील प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावा लागतो. पहिला निर्णय सुईचा. दीर्घ तबकडीची बारीक सुई लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी घासते व खरखर वाढविते. दुसरा स्वरसंतुलनाचा. १९५४ मध्ये रूढ झालेले ‘आरआयएए’ प्रमाण जुन्या तबकड्यांना सरसकट लावल्यास आवाजाचा मूळ पोत बदलतो. तिसरा, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, वेगाचा. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविल्यास स्वर सुमारे अर्ध्या श्रुत्यंतराने नव्हे, तर जवळजवळ अर्ध्या ‘अर्धस्वरा’ने चढतो. गायकाची पट्टी आणि तानांची गती यांविषयी अशा प्रतीवरून काढलेले अनुमान तेवढ्या प्रमाणात सदोष ठरते. खरखर काढणाऱ्या संगणक-प्रणालीही तंबोऱ्याचा सूक्ष्म नाद पुसून टाकू शकतात. म्हणून असंस्कारित प्रत निराळी जपणे आणि तबकडीचा क्रमांक, लेबलचे छायाचित्र, सुई, वेग व संस्कार यांची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

जतनाचा प्रश्न

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीवर अंतराळात गेली. त्या निवडीसाठी लागणारी मुद्रिका मात्र सहजी मिळेना. अखेर ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. दुर्लक्षित साठ्याचे मोल यावरून कळते. भारतात या कामी संग्राहकांनीच पुढाकार घेतला. १९९० मध्ये मुंबईत डॉ. सुरेश चांदवणकर आदींनी स्थापन केलेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था त्याचे ठळक उदाहरण होय. कायदाही आड येत नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. मात्र कवी व संगीतकार यांचे हक्क स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

निष्कर्ष

तबकडी दर वादनागणिक झिजते आणि लाखेची तबकडी पडताच फुटते. फुटलेल्या तबकडीची सदोष प्रत हीच पुढे एकमेव साक्ष उरते. यास्तव सक्करदरा परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, संगीत व संगणकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन जुन्या घरांतील तबकड्यांची प्रथम सूची करावी आणि नंतर नोंदींसह अंकीकरण हाती घ्यावे. यंत्र स्वस्त झाले आहे; उणीव आहे ती साधनचिकित्सेची, आणि ती पुरविणे हे अध्यापकाचेच कार्य आहे.