गिरणीतला हिस्सा

व्हेंचर कॅपिटल हा शब्द नवा, व्यवहार मुंबईला जुना. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला सूतगिरणी काढायचं ठरवलं, तेव्हा शहरातल्या सुमारे ५० व्यापाऱ्यांनी शेअर घेऊन पैसा लावला. बुडालं तर सगळ्यांचं. २०१० मध्ये मुंबईतच उभ्या राहिलेल्या ब्लूम व्हेंचर्सनं एक्झोटेलमध्ये, म्हणजे कंपन्यांना फोनव्यवस्था पुरवणाऱ्या स्टार्टअपमध्ये, तसाच पैसा घातला. तारण नाही, हप्ता नाही, फक्त हिस्सा.

फरक कामगाराच्या बाजूला आहे. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना निदान इसॉप तरी मिळतात (बरेचदा ते कागदावरच राहतात, ते सोडा). लालबाग-परळमध्ये पिढ्यान् पिढ्या साचे चालवणाऱ्यांकडे शेअर नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. कामगारांच्या वाट्याला आली थकलेली देणी आणि म्हाडाची सोडत.