एका रात्रीत ४.८ वरून ४ : छोट्या व्यावसायिकाने आपले ऑनलाइन नाव कसे सांभाळावे?

दिवाळीला पंधरा दिवस उरले आहेत. साताऱ्यात घरगुती फराळ विकणाऱ्या एका ताईंच्या गूगल प्रोफाइलवर २० रिव्ह्यू आहेत आणि रेटिंग आहे ४.८. एका रात्रीत तिथे पाच नवे रिव्ह्यू येतात. पाचही एक स्टारचे, सोबत एक शब्दही नाही. सकाळी रेटिंग ४ वर आलेले असते आणि चकलीची ऑर्डर द्यायला निघालेले नवे गिऱ्हाईक शेजारच्या नावावर बोट ठेवते.

हे उदाहरण काल्पनिक आहे, त्यातले गणित मात्र खरे आहे. साधी सरासरी धरली तर २० रिव्ह्यूंचे ४.८ म्हणजे एकूण ९६ स्टार. त्यात पाच मिळवले की १०१ होतात आणि २५ ने भागले की उत्तर येते ४.०४. पुन्हा ४.८ गाठायला सलग ९५ ग्राहकांनी पाच स्टार द्यावे लागतील. हेच पाच रिव्ह्यू २०० रिव्ह्यू असलेल्या दुकानावर पडले असते, तर रेटिंग ४.८ वरून जेमतेम ४.७ झाले असते. म्हणजे ऑनलाइन प्रतिष्ठेचे बरेचसे संरक्षण हल्ला होण्याआधीच करून ठेवावे लागते. ते कसे, आणि हल्ला झालाच तर काय करता येते, ते पाहू.

रेटिंगला एवढे महत्त्व का?

‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी महाराष्ट्रातल्या जुन्या दुकानांवर आजही दिसते. आपल्या नावावर दुसऱ्याने धंदा करू नये, यासाठीची ती तजवीज होती. गिऱ्हाईक गल्लीतले असे आणि दुकानाची कीर्ती तोंडोतोंडी पसरे. १९९६ मध्ये मुंबईत जस्टडायल सुरू झाले आणि फोन करून दुकानाचा पत्ता विचारण्याची सोय झाली. आता ते काम मोबाइलमधला नकाशा करतो, आणि पत्त्यासोबत अनोळखी लोकांचे मतही दाखवतो.

या मताचा गल्ल्यावर किती परिणाम होतो, याचा एक अभ्यास बराच उद्धृत केला जातो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधील रेस्टॉरंटच्या उत्पन्नाची ‘येल्प’ या संकेतस्थळावरील रेटिंगशी तुलना केली. रेटिंग एका स्टारने वाढले की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. मात्र हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटवर दिसला. मोठ्या साखळी ब्रँडवर नाही. ब्रँडचे नाव लोकांना आधीच माहीत असते. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याची ओळख म्हणजे रेटिंग. त्यामुळे या साधनाचा फायदा छोट्यालाच जास्त होतो आणि फटकाही त्यालाच जास्त बसतो.

प्रोफाइलची किल्ली कुणाकडे आहे?

रिव्ह्यूंच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा. २०२१ पर्यंत ‘गूगल माय बिझनेस’ नावाने चालणारी सेवा आता ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणून ओळखली जाते. ती मोफत आहे. पण अनेक दुकानांचे प्रोफाइल कधीतरी भाच्याने किंवा एखाद्या एजन्सीने आपल्या ईमेलवरून तयार केलेले असते. पुढे एजन्सीशी बिनसले किंवा भाचा परदेशी गेला की मालकालाच आपल्या दुकानाच्या नावाखाली उत्तर लिहिता येत नाही.

काही दुकानांनी प्रोफाइल कधी तयारच केलेले नसते, तरी ती नकाशावर असतात, कारण कुणीही जागा नकाशात भरू शकतो. शिवाय ‘बदल सुचवा’ या सोयीतून कुणीही फोन नंबर किंवा वेळ बदलण्याची, इतकेच काय, दुकान ‘कायमचे बंद’ असल्याचीही सूचना करू शकतो. महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे २०१८ मध्ये अशाच तक्रारी आल्या होत्या : ठगांनी गूगल मॅप्सवर एका सरकारी बँकेचा संपर्क क्रमांक बदलून तिथे स्वतःचा टाकला होता आणि ‘बँकेत’ फोन करणाऱ्यांकडून कार्डाचा तपशील काढून घेतला होता. बँकेच्या बाबतीत हे होऊ शकते, तर केटररच्या बाबतीत अॅडव्हान्स भलत्याच खात्यात जाऊ शकतो.

म्हणून मुख्य मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्यावी. इतरांना फक्त व्यवस्थापक म्हणून जोडावे, आणि खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. प्रोफाइल दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर गूगलवर मालकी मागण्याची विनंती करता येते. ‘तुमचे लिस्टिंग बंद होणार आहे, पैसे भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. प्रोफाइल ठेवण्यासाठी गूगल पैसे घेत नाही.

नजर कशी ठेवायची?

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. आठवड्यातला एक ठरावीक वेळ, म्हणजे दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीची पंधरा मिनिटे, पुरतो.

- नव्या रिव्ह्यूची सूचना ईमेलवर आणि मोबाइलवर सुरू ठेवावी.
- ‘गूगल अलर्ट्स’ या मोफत सेवेत व्यवसायाचे नाव मराठीत, इंग्रजीत आणि लोक जसे चुकीचे लिहितात तसेही नोंदवावे. नाव सर्रास आढळणारे असेल, तर सोबत गावाचे किंवा पेठेचे नाव जोडावे.
- नकाशावर आपले नाव शोधून फोन, वेळ आणि पत्ता तपासावा. त्याच नावाचे दुसरे, बनावट दुकान उगवलेले नाही ना, हेही पाहावे.
- शहराच्या फेसबुक ग्रुपमध्ये आणि इन्स्टाग्रामवर नाव शोधावे. झोमॅटो, जस्टडायल किंवा आपल्या व्यवसायाचे जे अॅप असेल तिथलीही मते वाचावीत.

एक जागा मात्र अशी शोधता येत नाही : सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप. घरगुती डबे, शिकवण्या, ब्यूटी पार्लर यांचे नाव सर्वात जास्त तिथेच घडते आणि बिघडते. तिथली बातमी देऊ शकतात ते जुने ग्राहकच. ‘काही ऐकलंत तर मला सांगा’ एवढे त्यांना सांगून ठेवणे, हीसुद्धा एक यंत्रणाच आहे.

वाईट रिव्ह्यू आला, आता?

सर्वात आधी ऑर्डरची वही उघडावी. तारीख, पदार्थ, नाव जुळते का ते पाहावे. तक्रार खरी निघाली तर ती फुकट मिळालेली माहिती आहे. त्याच आठवड्यात तीन जणांनी चिवडा खवट लागल्याचे लिहिले असेल, तर दोष तेलात आहे, रिव्ह्यूत नाही.

मग उत्तर. ते दिसायला तक्रार करणाऱ्याला उद्देशून असते; वाचतात मात्र पुढचे शंभर जण. ‘तुम्ही कधी आलाच नाहीत, खोटं बोलताय’ हे उत्तर मालकाला खरे वाटत असले, तरी त्रयस्थाला भांडण दिसते. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘नमस्कार. चकली मऊ निघाली याबद्दल दिलगीर आहोत. त्या दिवशीच्या घाण्याची तपासणी करतो आहोत. कृपया दुकानाच्या नंबरवर ऑर्डरची तारीख कळवा, बदलून देऊ.’ ऑर्डर सापडतच नसेल तर : ‘आपल्या नावाची नोंद आमच्याकडे मिळाली नाही. दुसऱ्या नावाने घेतली असल्यास कळवा, नक्की लक्ष घालू.’ खोटेपणाचा आरोप न करताही वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते.

डॉक्टर, वकील, सीए यांनी आणखी एक पथ्य पाळायला हवे. रुग्णाने स्वतः आजाराबद्दल लिहिले असले, तरी उत्तरात डॉक्टरने त्याचा उल्लेख करू नये. गोपनीयतेचे बंधन रिव्ह्यूमुळे सुटत नाही.

गूगल कोणता रिव्ह्यू काढते?

मालकाला स्वतः रिव्ह्यू पुसता येत नाही. तो नियमबाह्य असल्याची तक्रार करता येते आणि ती फेटाळली गेली तर एकदा अपील करता येते. बनावट किंवा पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर, शिवीगाळ, धमकी, द्वेषपूर्ण भाषा, खासगी माहिती, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, स्पर्धकाने किंवा जुन्या कर्मचाऱ्याने हितसंबंधातून लिहिलेले मत ही त्याची कारणे आहेत. ‘मला पटत नाही’ हे कारण नाही. भाजी खारट होती की नव्हती, या वादात गूगल पडत नाही.

त्यामुळे तक्रार करताना पुरावा नीट लागतो : तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक, त्याने त्याच दिवशी वेगवेगळ्या शहरांतल्या किती व्यवसायांना एक स्टार दिला याची नोंद. पाच रिव्ह्यू एका तासात आले असतील, तर पाचही एकत्र दाखवावेत. एकेकट्या रिव्ह्यूतून न दिसणारा डाव एकत्र पाहिल्यावर दिसतो.

‘पैसे द्या, रिव्ह्यू काढतो’ असा मेसेज आला तर?

रिव्ह्यूंच्या माऱ्यानंतर काही वेळा व्हॉट्सअॅपवर मागणी येते. इथे पैसे देऊ नयेत. एकदा देणाऱ्याकडे पुन्हा मागितले जाते. मेसेज पुसू नयेत, नंबरसह सगळे जपून ठेवावे. अशा खंडणीची तक्रार करण्यासाठी गूगलने व्यावसायिकांना वेगळा अर्ज उपलब्ध करून दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणी हा गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. पैसे गेलेच असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा.

कायदा कुठवर मदत करतो?

सोशल मीडिया कंपन्या आणि इतर मध्यस्थांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. पण सार्वजनिक हितासाठी मांडलेले सत्य आणि सद्भावनेने दिलेले मत त्याच्या अपवादांत येते. म्हणजे ‘मिसळ आवडली नाही’ म्हणणाऱ्याला कोर्टात खेचून उपयोग नाही. ‘इथे खाऊन विषबाधा झाली’ असे धादांत खोटे लिहिणाऱ्याविरुद्ध वकिलाचा सल्ला घेता येतो. श्रेया सिंघल खटल्यातल्या २०१५ च्या निकालानुसार, मजकूर काढण्यासाठी मध्यस्थ कंपनी न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने बांधील असते. केवळ कुणी नोटीस पाठवली म्हणून नाही. लिहिणारा अज्ञात असेल, तर दिवाणी न्यायालयात अनोळखी प्रतिवादीविरुद्ध आदेश मागता येतो. भारतात अशा आदेशांना ‘अशोक कुमार आदेश’ म्हणतात.

मात्र खटल्यानेच गोष्ट जगजाहीर होण्याचा धोका असतो. गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी २००३ मध्ये आपल्या घराचा हवाई फोटो हटवण्यासाठी दावा लावला. तोवर तो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोकांनी ते संकेतस्थळ पाहिले.

मग विकतचे रिव्ह्यू घ्यावेत का?

रेटिंग पडल्यावर ‘पन्नास फाइव्ह स्टार इतक्या रुपयांत’ ही जाहिरात मोहात पाडते. ऊबा बटलर या लेखकाने २०१७ मध्ये लंडनमधली आपली शेड खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअॅडव्हायझरवर शहरातले पहिल्या क्रमांकाचे रेस्टॉरंट बनवून दाखवली होती. म्हणजे फसवणूक जमते. पण पकडले गेल्यास गूगल प्रोफाइलवर नवे रिव्ह्यू घेणे काही काळ थांबवू शकते, जुने लपवू शकते आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना सर्वांना दाखवू शकते. ऑनलाइन बाजारपेठेतल्या विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहिण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही आणले. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. ‘पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या’ हेही गूगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश ग्राहकांनाच निवडून विचारणे, हेही नाही.

काय करता येते?

प्रत्येक ग्राहकाला विचारणे. काउंटरवर क्यूआर कोड, पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी, ‘कसं वाटलं ते मोकळेपणाने लिहा’ एवढी विनंती. सूट नाही, स्टारचा आग्रह नाही. आठवड्याला दोन खरे रिव्ह्यू आले, तरी वर्षात शंभराहून अधिक होतात. साताऱ्याच्या ताईंनी मागच्या दिवाळीपासून हे केले असते आणि रिव्ह्यू १२० झाले असते, तर त्या रात्रीचे पाच एक-स्टार त्यांना ४.८ वरून ४.६ वर आणू शकले असते, त्याखाली नाही. आणि त्या पाच मुक्या रिव्ह्यूंच्या खाली चकलीबद्दल भरभरून लिहिणारे शंभर लोक दिसले असते.