प्रत्यंचा

प्रत्यंचा : धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवून ताणलेली दोरी. ज्या, जीवा, गुण ही तिची अन्य संस्कृत नावे. मूर्वा या वनस्पतीच्या वाखावरून तिला मौर्वी असेही नाव पडले. भूमितीतील जीवा ही संज्ञा मूळची येथलीच.

दोरी लवकर कुजत असल्याने पुरातत्त्वीय अवशेषांत ती क्वचितच टिकते आणि शस्त्रांच्या इतिहासात तिची उपेक्षा होते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाच्या भात्यातील स्नायुतंतूंची पिळलेली दोरी ही प्रत्यंचाच असावी, असे संशोधक मानतात. त्याचे धनुष्य मात्र अपुरे राहिले होते.

कौटिलीय अर्थशास्त्रात प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचे तृण, वेळू आणि स्नायू अशी द्रव्ये सांगितली आहेत. ही यादी केवळ पांडित्याची नव्हे. स्नायूची दोरी चिवट असली, तरी ओलाव्याने ती सैल पडते; तागासारखा वाख भिजूनही बळकट राहतो. इंग्लंडमध्ये भांगेचा वाख, तुर्कस्तानात रेशीम, जपानात राळेचा लेप दिलेला भांगेचा वाख असे पर्याय रूढ झाले. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्याच पातळ पट्टीची प्रत्यंचा असे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत आढळते.

वाखाची दोरी घरीच वळता येते. तंतू विंचरून दोन किंवा तीन पेड करतात. प्रत्येक पेड एका दिशेने पिळून ते सर्व एकमेकांभोवती उलट दिशेने वळतात. त्यामुळे एक पीळ दुसऱ्याला उकलू देत नाही. फासाच्या जागी जादा तंतू घालतात, बाणाची खाच बसते तेथे बारीक दोरा गुंडाळतात आणि अखेरीस मेण चोळतात. खरा प्रश्न जाडीचा. दोरी जड झाली की बाणाचा वेग घटतो. बारीक झाली की तुटण्याचा धोका. पूर्ण ताणलेली दोरी तुटल्यास बाणाला मिळावयाची ऊर्जा धनुष्यातच उलटते व ते मोडू शकते. रॉजर ॲस्कम याने टॉक्सोफिलस (१५४५) या ग्रंथात याबद्दल बजावले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेक्रॉन व पुढे पॉलिएथिलिनचे अत्यल्प ताणले जाणारे धागे आले. हे दुसऱ्या प्रकारचे धागे जुन्या घडणीच्या लाकडी धनुष्याच्या टोकांना हादरे देतात, म्हणून त्यासाठी डेक्रॉन किंवा जवसाचा धागाच बरा. दोन खुंट्यांभोवती एकच अखंड धागा फिरवून केलेली प्रत्यंचाही आता प्रचलित आहे; पेड वळण्याची जुनी रीत मात्र कृत्रिम धाग्यांनाही तशीच लागू पडते.