बिल्ला, हाऊस आणि बोर्डिंग

सकाळी सातच्या सुमारास ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून शाळेला निघालेल्या मुलांच्या छातीकडे पाहिले, तर आसपासच्या शाळांची यादीच वाचता येते. कुणाच्या खिशावर शिवलेले बोधचिन्ह, कुणाच्या गळ्यात ओळखपत्र, कुणाच्या टायवर लाल किंवा निळी पट्टी. पट्टीचा अर्थ विचारला तर मुलगा चटकन सांगतो, ‘मी रेड हाऊसचा.’ हाऊस म्हणजे घर, हे त्याला ठाऊक असते. पण ते घर आहे कुठे, असे विचारा, तो हसेल. कारण ते कुठेच नसते.

छप्पर नसलेले हे घर आपल्या शाळांत कुठून आले, त्याच्या दारावर कुणाची नावे लागली आणि त्यात कोण कुणासोबत बसले, हा विषय किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

आधी बिल्ल्याबद्दल. आपल्याकडे बिल्ला ही मूळची विद्यार्थ्याची वस्तू नव्हे. तो हमालाच्या दंडावरचा, शिपायाच्या छातीवरचा. ‘चपराशी’ हा शब्दच मुळी ‘चपरास’ या पितळी पट्टीवरून आला आणि ‘पट्टेवाला’ कमरेच्या पट्ट्यावरून. हा माणूस अमक्या साहेबाचा, तमक्या कचेरीचा, एवढेच ती पट्टी सांगे. विलायतेत मात्र ढालीच्या आकाराचे चिन्ह ही सरदार घराण्यांची मिरवण्याची गोष्ट. तिथल्या शाळांनी आपल्या संस्थापकांची, बिशपांची चिन्हे उचलली आणि तीच रीत इंग्रजांबरोबर इथे आली. अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली राजपुत्रांसाठी निघाले. त्याचे मानचिन्ह काढले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अनेक वर्षे शिकवलेल्या त्या कारागिरांच्या चाहत्याने. ढालीच्या दोन बाजूंना त्यांनी एक राजपूत आणि एक भिल्ल योद्धा उभा केला. त्या काळी शाळेच्या आत भिल्लाच्या मुलाला जागा नव्हती, चिन्हावर मात्र होती. बोधचिन्हे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हाऊसची कथा याहून साधी आहे. इंग्लंडच्या निवासी शाळांत मुले खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत. प्रत्येक घराला एक मास्तर, वरच्या वर्गातली मुले धाकट्यांवर देखरेख करणारी. रग्बी शाळेचे हेडमास्तर टॉमस आर्नल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात या व्यवस्थेला जे वळण दिले, ते पुढे साम्राज्यभर गेले. मेयो कॉलेजात जयपूर, जोधपूर, भरतपूर अशी संस्थानांच्या नावांची घरे उठली. डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये (१९३५) हैदराबाद, काश्मीर, जयपूर आणि टाटा. म्हणजे निजामाचे संस्थान आणि पारशी उद्योगपती एकाच पंगतीला!

पण शहरातल्या शाळांत मुले संध्याकाळी घरी जातात. तिथे हाऊसचे घरपण गळाले आणि उरली फक्त वाटणी. मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत बारहॅम, पामर, सॅव्हेज आणि विल्सन अशी चार हाऊस आहेत, चारही नावे इंग्रजांची. स्वातंत्र्यानंतर नावे बदलली, साचा तोच राहिला. १९६३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांपैकी बहुतेकांत शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन ही चार हाऊस आढळतात. एक राजा, एक कवी, एक सम्राट, एक शास्त्रज्ञ. आपल्या उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत सर सय्यद, मौलाना आझाद, झाकिर हुसेन, टिपू सुलतान ही नावे ऐकू येतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे दोन्हींत बाई नाही. अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या, पण त्यांच्या नावाचे हाऊस शोधावे लागेल.

अलीगढचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्या चिन्हाचीही गोष्ट पाहू. सर सय्यद अहमद खाँ यांनी १८७५ साली मदरसा सुरू केला, त्याचे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. कॉलेजच्या चिन्हात खजुराचे झाड होते, चंद्रकोर होती आणि सोबत राणीचा मुकुटही होता. सर सय्यद यांना इंग्रजांशी जुळवून घेऊनच कौमची तालीम साधायची होती, ते त्या मुकुटात दिसते. पुढे मुकुट गेला आणि त्या जागी ग्रंथ आला. याच अलीगढमध्ये २९ ऑक्टोबर १९२० रोजी असहकाराच्या लाटेत जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. तिच्या चिन्हात तारा आहे, ग्रंथ आहे, दोन खजुराची झाडे आहेत, चंद्रकोर आहे. मुकुट मात्र नव्हता आणि पुसावाही लागला नाही. दोन्ही चिन्हांतले अरबी वचन एकच, सूरह अल्-अलक़मधले, माणसाला इल्म देणाऱ्याविषयीचे. वचन तेच असूनही राजकारण दोन टोकांचे. बिल्ला नीट वाचला तर इतके सांगतो.

आता महाराष्ट्राकडे. आपल्याकडे छप्पर असलेली घरेही उभी राहिली, फक्त आपण त्यांना हाऊस न म्हणता बोर्डिंग म्हटले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ साली मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. त्याच्या जातीचे बोर्डिंग नसते तर तो शिकलाच नसता. मुस्लिम बोर्डिंगसाठी महाराजांनी स्वतः पुढाकार घेतला. त्या बोर्डिंगने कितीतरी गरीब मुसलमान घरांत पहिला शिकलेला माणूस दिला. त्याचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही.

तरीही या घरांना भिंती होत्या. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी जाऊन आला. परतल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत ये, असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. रयतचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. ढाल नाही, मुकुट नाही, कुणा घराण्याची खूण नाही. वडाला पारंब्या फुटतात आणि त्या जमिनीला टेकून पुन्हा खोड होतात. मराठी शाळांच्या साऱ्या बिल्ल्यांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण चिन्हावर जे आहे तेच तिथल्या पंगतीत होते.

इंग्रजी शाळांतल्या बिनछपराच्या हाऊसने नकळत असेच काहीसे केले. हाऊस ठरते हजेरीच्या क्रमांकाने. पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा, चौथा पिवळा. आडनाव, मोहल्ला, फी भरण्याची ऐपत, काहीच विचारात घेतले जात नाही. मग क्रीडादिनी रिले धावताना शेखच्या हातातली काठी जोशीच्या हातात जाते, आणि मैदानाबाहेर दोघांच्या आया एकाच रंगासाठी ओरडतात. यात फार मोठे तत्त्वज्ञान नाही. पण दहा वर्षे हे घडत राहिले तर त्याचा काही परिणाम होतोच.

अट एकच: शाळेत शेखही हवा आणि जोशीही हवा. टेंभी नाक्यावरच्या बी. जे. हायस्कूलला नाव आहे बैरामजी जीजीभॉय (१८२२-१८९०) या दानशूर पारशी गृहस्थाचे, ज्यांचे नाव पुण्याच्या बी. जे. मेडिकललाही आहे. जिल्हा परिषदेच्या अशा शाळेत दाराशी धर्म विचारला जात नाही. पण गेल्या काही दशकांत मुलांचे रस्तेच वेगळे झाले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य कुटुंबे मुंब्र्यात आली, वस्ती झपाट्याने वाढली, शाळाही निघाल्या. त्या निघायलाच हव्या होत्या. मुलांनी शिकायचे कुठे? त्या शाळांतही चार रंग आहेत, कप्तान आहेत, ढाल आहे. फक्त तिथे लाल, निळा, हिरवा आणि पिवळा हे चारही रंग एकाच मोहल्ल्यातून येतात. आणि डोंबिवलीतल्या कित्येक शाळांतही चारही रंग एकाच बाजूचे असतात. अशा ठिकाणी हाऊस कुणाला कुणात मिसळणार?

दोन शाळांचे सामने भरतात तेव्हा हाऊसची पट्टी गळते आणि शाळेचा बिल्ला तेवढा उरतो. मुंब्र्याची टीम आणि डोंबिवलीची टीम समोरासमोर उभी राहते. कुणा क्रीडाशिक्षकाने त्या दिवशी दोन्ही शाळांच्या मुलांना एका रांगेत उभे करून हजेरी घ्यावी आणि लाल, निळा, हिरवा, पिवळा असे वाटून दोन संघ नव्याने पाडावेत. खर्च काहीच नाही. रंगीत फिती बाजारात मिळतात.