विनोदी चित्र भिंतीवर: निवड, छपाई आणि जागा

मासिकातले विनोदी चित्र आपण क्षणभर पाहतो, हसतो आणि पान उलटतो. भिंतीवरचे चित्र उलटता येत नाही. घरातली माणसे ते रोज पाहतात. विनोद अनपेक्षिततेवर उभा असतो आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीत अनपेक्षित काही उरत नाही. त्यामुळे जुन्या विनोदी चित्रांनी घर सजवताना पहिला प्रश्न हाच, की हसून झाल्यावर या चित्रात पाहण्यासारखे काय राहते?

हा प्रश्न अठराव्या शतकातल्या इंग्लंडइतका जुना आहे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री यांचे छापील चित्रांचे दुकान होते. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे त्याच इमारतीत राहत असे आणि त्याची ताम्रपटावरून छापलेली, हाताने रंगवलेली चित्रे त्या दुकानाच्या काचेत लागत. काही दुकानदार तर अशा चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देत. एकदा हसून परत करण्याची ती सोय होती. विकत घेणाऱ्यांपैकी काहींनी मात्र ती थेट भिंतीवर चिकटवली. डर्बीशरमधल्या कॉल्क ॲबी या वाड्यात अशी एक खोली आजही पाहता येते. तिथल्या राजकीय टोमण्यांचे संदर्भ आता अभ्यासकांनाच लागतात, तरी फुगलेली पोटे, वाऱ्याने उडणारे टोप आणि ताठ माना पाहायला कोणत्याही संदर्भाची गरज पडत नाही.

यावरून विनोद चित्रात कुठे बसला आहे, हे पाहून वर्गवारी करता येते. विनोद खालच्या संवादात असेल, तर ते चित्र भिंतीसाठी सर्वांत दुबळे. व्हिक्टोरियन काळातल्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातली बरीच चित्रे या जातीची आहेत. खाली चार-पाच ओळींचे संभाषण आणि वर ते बोलणारी दोन माणसे, अशी त्यांची मांडणी असते. ती मजा पुस्तकात उत्तम लागते. चौकटीत घातली की बारीक अक्षरे चार फुटांवरून दिसत नाहीत आणि दिसली तरी एका वाचनात संपतात.

अर्कचित्राचे तसे नाही. ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकाने १८६९ पासून नामवंतांची रंगीत अर्कचित्रे छापली. ‘एप’ या नावाने कार्लो पेलेग्रिनी आणि ‘स्पाय’ या नावाने लेस्ली वॉर्ड हे त्यातले दोन मोठे चित्रकार. १८९७ मध्ये ‘स्पाय’ने क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे चित्र काढले. क्रिकेटचा गंध नसलेल्यालाही अशा चित्रात माणसाची उभे राहण्याची ढब भेटते, आणि ढब शिळी होत नाही.

गर्दीची चित्रे याहूनही टिकाऊ. मारिओ मिरांडा यांच्या गोव्यातल्या बाजाराच्या चित्रासमोर उभे राहिले, की नजर एका मासेवालीवरून कुत्र्याकडे, तिथून खिडकीतून डोकावणाऱ्या म्हातारीकडे जाते. उद्या ती दुसऱ्याच कोपऱ्यातून शिरेल. आणि माझ्या मते सर्वांत वरची जागा शि. द. फडणीसांच्या शब्दविरहित मुखपृष्ठांची. ‘मोहिनी’ मासिकाच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आहे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. कल्पना एकदा कळली की कळली; पण सपाट रंगांची जुळणी आणि रेषेची शिस्त यांमुळे ते चित्र नुसती मांडणी म्हणूनही उभे राहते.

निवडीनंतर छपाईची पारख. बाजारात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली म्हणून मिळणारी प्रत दहापट भिंगाखाली धरावी. रंगांचे ठिपके सारख्या अंतरावर, फुलासारख्या गुच्छांत दिसले तर ती यांत्रिक ऑफसेट छपाई, म्हणजे अलीकडचे पुनर्मुद्रण. ‘व्हॅनिटी फेअर’ची मूळ पाने शिळाछापाची आहेत, त्यांत रंगाचे कण अनियमित, खरबरीत दिसतात. ताम्रपटाच्या छापाभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला आयत बोटाला लागतो. पुनर्मुद्रण म्हणजे फसवणूक नव्हे. फसवणूक ते मूळ म्हणून विकण्यात आहे. उन्हाच्या खोलीत तर चांगले पुनर्मुद्रणच लावावे. फक्त मासिकाचे मुखपृष्ठ स्कॅन करून तिप्पट मोठे करू नये. आकृतीबरोबर छपाईचे ठिपकेही तिप्पट होतात आणि रेषेची धार जाते. शिवाय भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. मारिओंचे निधन २०११ मधले, तेव्हा त्यांच्या प्रती अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्याव्यात.

जागेबाबत लंडनमधले १८, स्टॅफर्ड टेरेस हे घर फार शिकवते. ‘पंच’चे चित्रकार लिन्ली सँबोर्न १८७५ पासून तिथे राहत. त्यांच्या भिंती चौकटींनी अशा भरल्या आहेत, की मधला भिंतीचा कागद जेमतेम दिसतो. जिन्यातली दाटी मला विशेष पटते. जिन्यात माणूस भिंतीच्या हातभर जवळून, सावकाश जातो; बारीक रेषेच्या कृष्णधवल चित्राला हवे तेच अंतर. दिवाणखान्यात सोफ्यावरून दहा फुटांवर पाहायचे असेल, तर फडणीसांसारखे मोठ्या आकारांचे रंगीत चित्र घ्यावे. दाट मांडणीत चौकटी एकाच जातीच्या ठेवाव्यात, नाहीतर डोळा चित्राआधी लाकूड मोजू लागतो.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळा हाच खरा शत्रू. मासिकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले आम्ल त्याला पिवळा आणि ठिसूळ करते, आणि ओल मिळाली की तपकिरी डाग व कसर दोन्ही येतात. म्हणून कागद काचेला टेकू नये, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट असावा. मागे सेलोटेप नको. जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावाव्यात, म्हणजे पुढे पाण्याने सुटतात. पाऊस झेलणारी बाहेरची भिंत टाळावी, आणि आतल्या भिंतीवरही चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळती राहते.