परत बोलाविलेला फलंदाज

पेण-रोह्याच्या शाळकरी सामन्यांत पंचांशी हुज्जत न घालणे, एवढ्यासच आम्ही मास्तरलोक खिलाडूवृत्ती म्हणत असू. गुंडाप्पा विश्वनाथांनी दाखविली ती याहून अवघड. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारतीय क्रिकेट मंडळाचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांतच बाद झालेले. पुढे कपिल देव यांच्या चेंडूवर पंचांनी बॉब टेलर यांस झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटीस लागला नाही, अशी खात्री वाटून कर्णधार विश्वनाथांनी टेलरांस परत बोलाविले. टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भागी केली व इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला! तथापि बोथम यांनी ११४ धावा काढून १३ बळीही घेतले. पराभवाचे सारे खापर विश्वनाथांच्या औदार्यावर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.