फळ्यावरून पडद्यावर: शिक्षकाचा शब्द आणि मुलाचं नाव



आम्हाला विषय दिला गेला तो असा: शाळेत समाजमाध्यमं जपून आणि जबाबदारीनं कशी वापरावीत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मोबाईलमधलं कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे आमच्यापेक्षा इथल्या तरुण शिक्षकांना जास्त कळतं. तेव्हा आम्ही त्या वाटेला जाणार नाही. आम्ही या प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्माला आला असं आपण धरून चालतो. तो त्याहून बराच जुना आहे.

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या फोनवर एक चित्रफीत आली. दुसरी-तिसरीतली मुलगी पाढा म्हणताना अडखळतेय, आणि मागून मास्तरांच्या हसण्याचा आवाज येतोय. आम्हीही हसलो आणि ती दोन ग्रुपवर पुढे पाठवली. संध्याकाळी घरात ती पुन्हा दाखवली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे हिच्या आईनं पाहिलं असेल का?" आम्ही पुसायला गेलो, तोवर ती कुठच्या कुठे गेली होती. चाळीस वर्षं व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर व्याख्यानं दिलेला माणूस हे करतो! म्हणून आज आम्ही इथे उपदेश करायला उभे नाही. एक हिशोब मांडायला उभे आहोत.

हिशोबाची सुरुवात दीडशे वर्षांपूर्वी करू. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेतले शिक्षक. नोकरीत असतानाच १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. त्या मासिकाची लेखणी सरकारला रुचण्यासारखी नव्हती. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली, १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. शिक्षकानं जाहीरपणे किती बोलावं, हा वाद तेव्हापासूनचा आहे. विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुल्यांवर जी टीका केली, ती आम्हाला आजही अन्यायाची वाटते. पण एक लक्षात घ्या. जोतीराव प्रौढ होते, लिहिते होते, उत्तर द्यायला समर्थ होते. दोन प्रौढ माणसांचा वाद कितीही कडू झाला तरी दोघांच्या हातात लेखणी असते. वर्गातल्या मुलाच्या हातात ती नसते. शिक्षकाचं नागरिक म्हणून बोलणं आणि शिक्षकाचं मुलाबद्दल बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचं स्वातंत्र्य आम्हाला हवंच आहे. दुसऱ्याला मात्र कुंपण हवं.

कुंपण म्हणजे काय, हे पाहायला अमळनेरला जाऊ. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहाचीही जबाबदारी सांभाळत. मुलांसाठी ते हातानं लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केलं. आता यातला फरक बघा. हस्तलिखित दैनिक वसतिगृहातल्या मुलांसाठी. मासिक छापलेलं, बाहेरच्या वाचकांसाठी. घरातलं बोलणं कोणतं आणि चार लोकांतलं कोणतं, हे कागदच ठरवून देत होता. हातानं लिहिलेली प्रत वसतिगृहाच्या दाराबाहेर फार दूर जाऊच शकत नव्हती.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे प्रगतिपुस्तक. "गणितात कच्चा, वर्गात लक्ष नाही." हा शेरा कडक असेल, चुकीचाही असेल. पण तो कुठवर जायचा? दप्तरातून घरी, वडिलांच्या सहीपर्यंत, आणि परत. जनरल रजिस्टर हेडमास्तरांच्या कपाटात, कुलपात. म्हणजे जुने मास्तर फार हळवे होते असं नव्हे. छडी होती, अंगठे धरून उभं करणं होतं, भर वर्गात अपमानही होता. जुन्या शाळेचं गुणगान आम्हाला करायचं नाही. पण त्या अपमानाचे साक्षीदार चाळीस असायचे, आणि तेही वर्षभरात विसरायचे. मुलगा मोठा व्हायचा आणि त्याची फजिती मागे राहायची. विस्मरण ही शाळेतली एक मोठी दया होती. नियमपुस्तकात ती कुठेच लिहिलेली नव्हती, कारण लिहायची गरजच नव्हती.

मग हे कुंपण मोडलं कोणी? आम्ही शिक्षकांना एकट्याला दोष देणार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात राज्य शासनानं आदेश काढला: शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढावी आणि ती सरल प्रणालीवर चढवावी. हेतू चांगला होता, मुलांची गळती रोखायची होती. ती छायाचित्रं सरकारी नोंदीसाठी होती, चव्हाट्यावर लावायला नव्हती, हेही खरं. शिक्षकांनी विरोध केला, नेटवर्कची अडचण पुढे आली आणि तो आदेश मागे पडला. पण सवय राहिली. शाळेत काम झालं याचा पुरावा म्हणजे मुलाचा फोटो, असं एक समीकरण मनात बसलं. वृक्षारोपण झालं, टाका फोटो. पोषण आहार वाटला, टाका फोटो. गरीब मुलाला वह्या दिल्या, तर देणारा आणि घेणारा दोघांचाही फोटो. कांट म्हणाला होता की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. वह्या घेताना कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या त्या पोराच्या डोळ्यांत कांट सापडतो, पुस्तक उघडावं लागत नाही.

१ जुलै २०१८ हा दिवस या इतिहासात काळ्या अक्षरांत लिहावा लागतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून जगणाऱ्या या माणसांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीनं कुंपण घातलं ते एवढं झाल्यावर. आणि शिक्षकांनो, "आपापल्या मुलांना सांभाळा" हा मजकूर गावात कोणाच्या नावानं आला तर लोक खरा मानतात? गुरुजींच्या. गावात आजही तुमच्या शब्दाला वजन आहे. म्हणून तुम्ही न तपासता पुढे ढकललेला निरोप इतरांच्या निरोपापेक्षा जास्त घातक ठरू शकतो.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला फोनवरून घरोघर जाऊ लागली. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीत, ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. त्या दिवसांत शिक्षकांनी जे केलं त्याला आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण त्याच दिवसांत शिक्षकाचा स्वतःचा नंबर घरोघर पोचला, आणि मुलांचे नंबर शिक्षकाच्या फोनमध्ये आले. खरं तर 'मुलांचे' नंबर म्हणणं चूकच. व्हॉट्सॲप असो की फेसबुक, तेव्हाच्या नियमानं तेरा वर्षांखालच्या मुलाला खातंच उघडता येत नव्हतं. चौथीचा ग्रुप म्हणजे आई-बापांचा ग्रुप. बाप माळेगाव किंवा छत्रपती कारखान्याच्या पाळीवर गेला, की फोनही त्याच्या खिशात पाळीवर जातो. रात्री दहाला पोराला गृहपाठ दिसतो, आणि बापाला दिसते "फी बाकी असलेल्यांची यादी". ती यादी ग्रुपमधल्या साऱ्यांनी वाचलेली असते. उद्या पोरगं शाळेत येतं, ते वर्ग बघत नाही, जमीन बघतं.

याच वर्षी याच्या उलट टोकाचं उदाहरणही आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. त्यांनी पुस्तकावर क्यूआर कोड लावले; मुलगी घरी बसून धडा ऐकू लागली, कविता ऐकू लागली. त्या कोडमध्ये वाहतूक कोणत्या दिशेनं आहे ते बघा. धडा बाहेरून मुलीकडे येतो. मुलगी बाहेर जात नाही. जी चित्रफीत आम्ही पुढे पाठवली, तिच्यात दिशा उलटी होती. साधन एकच, फोन. आम्हाला वाटतं, जबाबदार वापराची सगळ्यात सोपी कसोटी हीच आहे: जग मुलाकडे येतंय, की मूल जगापुढे टाकलं जातंय?

कायदाही हळूहळू याच दिशेनं आला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी. ग्रुपवरची फीची यादी, नापासांची यादी ही आमच्या मते त्यातच मोडते. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. श्रद्धांजली म्हणून नाही, संताप म्हणूनही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं, त्यात खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं. हे शेवटचं आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. राजकीय मत मांडणारे तुम्ही, आणि पाचवी ब चे वर्गशिक्षक तुम्ही, यांचं घर एकच असलं तरी दारं दोन हवीत.

आता पालक विचारतील, मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो, आणि त्या जुन्या कुंपणाचीच नवी रूपं आहेत. ग्रुप शाळेच्या नावाचा असावा, त्यात किमान दोन शिक्षक असावेत, आणि तिथे सूचना जाव्यात, मुलांची नावं नव्हेत. एकट्या विद्यार्थ्याला, त्यातही मुलींना, शिक्षकानं खासगी निरोप पाठवू नये. काम असेल तर पालकांच्या नंबरवर, दिवसाउजेडी. यात मुलाचं रक्षण आहे तसंच शिक्षकाचंही आहे. तक्रार किंवा कौतुक, दोन्ही ज्याचं त्याला सांगावं. ग्रुप हा चावडी आहे, प्रगतिपुस्तक नव्हे. आणि फोटो टाकायचाच तर आई-वडिलांना विचारून, मुलालाही विचारून. मूल "नको" म्हणालं तर नको. त्याला ते "नको" म्हणता येणं, हेही शिक्षणच आहे.

पाचवी गोष्ट मुलांना शिकवायची. 'असर' २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांत ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यम वापरलं होतं. फोन अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के होते. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खासगी कसं करायचं हे माहीत असलेले साधारण निम्मेच. त्रास देणाऱ्याला रोखायचं कसं, फसवणूक झाली तर १९३० वर फोन कसा करायचा, मुलाला मदत हवी असेल तर १०९८, हे फळ्यावर लिहून शिकवता येतं. त्याला इंटरनेटही लागत नाही.

ती पाढा अडखळणारी मुलगी आता दहा-अकरा वर्षांची झाली असेल. तिला पाढा येतही असेल. ती चित्रफीत मात्र कुठल्या तरी फोनमध्ये अजून अडखळतेच आहे, आणि ती तिथे पोचवणाऱ्यांत आम्ही एक होतो. उद्या सकाळी परिपाठानंतर फोन हातात घ्याल, तेव्हा तिची आठवण ठेवा, एवढंच मागणं आहे.

 आता प्रश्न विचारा. पालकांनी आधी विचारावेत, शिक्षकांना आम्ही नंतर वेळ देतो.